बुद्रुक, खुर्द आणि तीन नावांचं गाव : पुण्यात बसून रोमानियातल्या खेड्यांचा अभ्यास कसा करावा

माझा भाचा निनाद चाकणची नोकरी सोडून रोमानियात सिबियूला गेला, त्याला आता सहा वर्षं होतील. पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला. "आत्या, इथून दीड तासावर एक गाव आहे. मधोमध टेकडीवर किल्ल्यासारखं चर्च, भोवती कौलारू घरं. तू शाळेत सगळ्यांना गावाची वही करायला लावायचीस ना? या गावाची कर की." मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आपापल्या मूळ गावाची वही भरायला सांगायचे : शिवार, ओढे, पाणवठे, देवळं, आडनावं. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

गावाचं नाव बियेर्तान. कोथरूडच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून त्याची वही भरायला मला दोन वर्षं लागली आणि त्यातले पहिले चार महिने वाया गेले. तुमचं कुणी तिकडे असेल, किंवा नकाशावर बोट ठेवून एखादं लांबचं खेडं नीट समजून घ्यायची हौस असेल, तर तुमचे चार महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कारभार समजून घ्या

रोमानियात खेड्यांचा कारभार 'कोमुना' या घटकाकडे असतो. शब्द ऐकून साम्यवाद आठवतो, पण कम्युनिस्ट राजवटीशी त्याचा काही संबंध नाही. १८६४ साली रोमानियाचा तेव्हाचा राज्यकर्ता अलेक्सांद्रु योआन कुझा याच्या कारकिर्दीत तिथं कोमुनांचा कायदा झाला. बियेर्तान ज्या ट्रान्सिल्व्हेनियात आहे तो प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या ताब्यात होता, म्हणून तिथं ही रोमानियन रचना १९१८ नंतर आली.

आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द म्हणजे गट ग्रामपंचायत. दोन-तीन गावं मिळून एक पंचायत असते ना, तसंच. खेड्याला रोमानियन भाषेत 'सात' म्हणतात. काही कोमुनांत एकच खेडं असतं, काहींत पाच-सहा. सरपंचाला 'प्रिमार' म्हणतात, तो थेट मतदानानं चार वर्षांसाठी निवडून येतो आणि त्याच्या कचेरीला 'प्रिमारिया' म्हणतात. वर थेट जिल्हा, म्हणजे 'ज्यूदेत्स'. असे ४१ जिल्हे आणि बुखारेस्ट वेगळं. मधे तालुका नाही, त्यामुळे तहसील कचेरी शोधत बसू नका.

बियेर्तान कोमुना सिबियू जिल्ह्यात आहे आणि तिच्यात तीन गावं येतात : बियेर्तान, कोप्शा मारे आणि रिकिश. इथंच पहिली चूक होते. कोमुनेला तिच्या मुख्य गावाचंच नाव असतं. भोर तालुका आणि भोर शहर यांत आपण गल्लत करत नाही, कारण आपल्याला ते ठाऊक असतं. परक्या देशातला आकडा हाती आला की मात्र तो सरळ गावाच्या नावासमोर लिहून आपण मोकळे होतो. अडीच हजारांच्या आसपासची जी लोकसंख्या सापडते ती तिन्ही गावांची मिळून आहे. प्रत्येक आकड्यापुढे 'को' किंवा 'सा' असं अक्षर लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

नावं गोळा करा, सगळ्या भाषांतली

माझे चार महिने कुठं गेले ते आता सांगते. मी फक्त बियेर्तान या नावानं शोधत राहिले. हाती आलं ते बहुतेक १९१८ नंतरचं, त्यातही प्रवाशांसाठी लिहिलेलं जास्त. मी वहीत चक्क लिहून ठेवलं, 'जुना लिखित इतिहास फारसा उपलब्ध नाही'. मग एके रविवारी निनादनं वेशीवरच्या पाटीचा फोटो पाठवला. वर बियेर्तान आणि खाली दुसरं नाव, बिर्थेल्म. ते नाव घालून शोधलं आणि सातशे वर्षांचं कपाट उघडलं. जे गाव १५७२ पासून १८६७ पर्यंत ट्रान्सिल्व्हेनियातल्या जर्मन लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट, पंथाच्या बिशपांचं ठाणं होतं, त्याच्याबद्दल मी 'इतिहास नाही' असं लिहिलं होतं. ते पान मी फाडलेलं नाही, त्यावर लाल शाईनं रेघ मारून ठेवली आहे.

ट्रान्सिल्व्हेनियातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाला तीन नावं असतात, कारण तिथं तीन भाषांत कागद लिहिले गेले. रोमानियनमध्ये बियेर्तान, जर्मनमध्ये बिर्थेल्म, हंगेरियनमध्ये बेरेतहालोम. रिकिशचं जर्मन नाव राइशेसडोर्फ, कोप्शा मारेचं ग्रोसकोपिश. सिबियूसुद्धा जर्मन कागदांत हेर्मानश्टाट आणि हंगेरियन कागदांत नाद्यसेबेन होतं. कुठल्या काळाचा कागद हवा आहे त्यावर नाव ठरतं : १९१८ पूर्वीचा सरकारी कागद बहुधा हंगेरियन किंवा जर्मन नावाखाली, चर्चच्या वह्या जर्मन नावाखाली आणि नंतरचं सगळं रोमानियन नावाखाली. नदी, डोंगर, जिल्हा यांचीही तिन्ही नावं टिपा. जिल्ह्यांच्या सीमा तर १९५० मध्ये मोडल्या आणि १९६८ मध्ये पुन्हा नव्यानं आखल्या. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे गाव सिबियू जिल्ह्यात शोधलंत तर सापडणार नाही, तेव्हा ते तिर्नावा मारे जिल्ह्यात होतं.

नावांचं भाषांतर केलं तर आपल्या माणसाला लगेच घरी आल्यासारखं वाटतं. 'मारे' म्हणजे मोठा आणि 'मिका' म्हणजे लहान. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द! कोप्शा मारे म्हणजे कोप्शा बुद्रुक. कोप्शा मिका, म्हणजे खुर्द, हे वेगळं शहर आहे, तिर्नावा नदीच्या काठी मेदियाश शहराच्या खालच्या अंगाला. तिथल्या काजळीच्या कारखान्यानं झाडं, घरं, मेंढ्या सगळं काळं केलं होतं, युरोपातल्या सर्वांत प्रदूषित जागांत त्याची गणना व्हायची आणि तो कारखाना १९९३ मध्ये बंद झाला. दोन कोप्शांची गल्लत केलीत तर द्राक्षमळ्यांच्या शांत गावावर काजळी फासाल.

जर्मन वाचायला पुण्यात माणसं मिळतात, हे आपलं भाग्य. माझी एक जुनी विद्यार्थिनी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेली, ती वर्षभर शनिवारी येत होती. जुनी छपाई वाचताना तीही आधी अडखळली, कारण त्या टायपात शब्दाच्या मधला 'स' हुबेहूब 'फ'सारखा दिसतो. ही एक खूण कळली की पानं भराभर वाचता येतात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर चहा-पोह्यांवर बोलवा, मशीनच्या भाषांतरावर जुनी जर्मन सोपवू नका.

मग पाणी

गावाचा भूगोल मी नेहमी ओढ्यापासून सुरू करते. पाणी कुठून येतं, कुठं जातं हे एकदा कळलं की रस्ते, शेतं, गावठाण सगळं आपोआप जागेवर बसतं. अप्पा बळवंत चौकातून मोठा ट्रेसिंग पेपर आणा, स्क्रीनवरचा नकाशा छापून घ्या आणि त्यावर पहिल्यांदा फक्त निळी रेघ ओढा.

रिकिश खोऱ्याच्या वरच्या अंगाला, त्याच खोऱ्यात खाली बियेर्तान आणि कोप्शा मारे बाजूच्या खोऱ्यात. ओढा उत्तरेला वाहत जाऊन तिर्नावा मारे नदीला मिळतो. ही नदी पुढे ब्लाझपाशी तिर्नावा मिकाला भेटते, म्हणजे इथंही बुद्रुक आणि खुर्द आहेतच. मग मुरेश, मुरेशहून तिसा, तिसाहून डॅन्यूब आणि शेवटी काळा समुद्र. आपल्या मुठेचं पाणी जसं मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करत पूर्वेच्या समुद्राला जातं, तसाच हा लांबचा प्रवास आहे. मी मुलांना जशी साखळी पाठ करायला लावायचे तशी ही साखळीही पाठ करा, ट्रान्सिल्व्हेनियाचा अर्धा भूगोल तिच्यात येतो.

निळ्या रेघेनंतर उतार बघा. कार्पेथियन पर्वताच्या कड्यानं वेढलेलं हे पठार आहे, गोलसर टेकड्यांचं. हिवाळा कडक, आणि पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून जाणारा नाही, वर्षभर थोडा थोडा आणि मे ते जुलै जरा जास्त. बियेर्तानभोवतीच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर पायऱ्या दिसतील, आपल्याकडे भातखाचरांच्या असतात तशा, पण रुंदीला कमी. त्या द्राक्षांच्या. उत्तरेकडच्या थंड मुलखात दक्षिण उताराला ऊन जास्त मिळतं. जर्मन लोक या सगळ्या पट्ट्यालाच 'वाइनलांड' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं वेलींची मुळं खाल्ली आणि बहुतेक मळे गेले. आज उपग्रहाच्या चित्रात गवताखाली त्या पायऱ्यांच्या सुरकुत्या दिसतात. नारायणगावकडचा कुणी द्राक्षबागायतदार शेजारी बसवून ते चित्र दाखवा, तो तुमच्याआधी ओळखेल.

जुना नकाशा मिळाला तर सोनं. हाब्सबुर्ग सैन्यानं १७६९ ते १७७३ या काळात ट्रान्सिल्व्हेनियाची मोजणी केली. प्रमाण १:२८,८००. आपले नेहमीचे स्थलनिर्देशक नकाशे १:५०,००० चे, म्हणजे तो नकाशा यापेक्षा जास्त जवळून दाखवतो. हाताने रंगवलेले हे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात. तिन्ही गावं शोधा, मग रस्त्यांवरून बोट फिरवा. कुठला रस्ता अडीचशे वर्षांत हललेला नाही, हे बघताना माझा एक आख्खा दिवस कसा गेला ते कळलं नाही.

इतिहासाचे दोन रकाने

वहीचं पान उभं दुमडा. डाव्या रकान्यात 'वर कोण होतं', उजव्या रकान्यात 'गावात काय झालं'. डावा रकाना कुठल्याही पुस्तकात मिळतो आणि तो भरताना आपल्याला वाटतं की आपण गावाचा इतिहास लिहिला. तसं होत नाही. उजवा रकाना रिकामा असेल तर रिकामाच राहू द्या, पण डावीकडची ओळ उजवीकडे ढकलू नका.

बियेर्तानचा डावा रकाना साधारण असा. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा यानं ऱ्हाइन-मोझेलकडच्या जर्मन बोलणाऱ्या लोकांना सरहद्दीवर वसायला बोलावलं, त्यांना सॅक्सन म्हणतात. १२२४ मध्ये दुसऱ्या आंद्राश राजानं त्यांना हक्कांची सनद दिली. १२४१ मध्ये मंगोल स्वारी, पुढे ऑटोमन तुर्कांच्या धाडी, सतराव्या शतकाच्या अखेरीस हाब्सबुर्ग, १८६७ पासून ऑस्ट्रिया-हंगेरीतला हंगेरीचा वाटा, १९१८ मध्ये रोमानिया.

उजवा रकाना : १२८३ च्या एका दस्तऐवजात गावाचं नाव पहिल्यांदा येतं. धाडींच्या भीतीनं चर्चभोवती एकात एक तीन तटबंद्या उभ्या राहिल्या. संकट आलं की सगळं गाव धान्य घेऊन आत. सोळाव्या शतकात गाव लुथरन झालं, तरी कॅथलिक राहिलेल्यांसाठी तटाच्या एका बुरुजात प्रार्थनेची जागा ठेवली गेली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव, आणि १९९९ मध्ये त्याच नोंदीत आणखी सहा गावं आली.

एक वस्तू मात्र जवळून बघाच, नुसतं 'प्रसिद्ध कुलूप' असं लिहून पुढे जाऊ नका. चर्चच्या आतल्या खोलीला १५१५ सालचं लाकडी दार आहे, मौल्यवान चीजवस्तू ठेवण्याच्या खोलीचं. निनादनं त्याचं चित्रीकरण पाठवलं, ते मी पंधरा वेळा तरी पाहिलं असेल. दाराच्या आतल्या बाजूला जवळजवळ सगळी लाकडी फळी लोखंडी पट्ट्यांनी झाकलेली. एक किल्ली फिरते, आणि वर, खाली, दोन्ही बाजूंना डझनभराहून जास्त अडसर एकदम सरकून चौकटीत घुसतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या लोहारानं केलेलं काम. १९०० मध्ये हे कुलूप पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ठेवलं होतं. खेड्यातल्या कारागिरीची पातळी कळायला याहून वेगळं वर्णन लागत नाही.

तिसरा एक बारीक रकाना ठेवा, 'लोक सांगतात'. तटाच्या आत एक खोली आहे. काडीमोड मागणाऱ्या जोडप्याला तिथं कोंडत, एक पलंग, एक ताट, एक चमचा, आणि बहुतेक जण समेट करून बाहेर येत, असं सांगतात. इतक्या शतकांत एकच काडीमोड झाली म्हणे. अशी कहाणी गाळू नका, पण तिला १२८३ च्या शेजारी बसवू नका.

माणसं

जनगणना वाचताना प्रश्न काय विचारला होता ते आधी बघा. १९१० ची हंगेरियन गणना मातृभाषा विचारते. १९३० ची रोमानियन गणना जमात, मातृभाषा आणि धर्म तिन्ही विचारते. भाषेचा आकडा जमातीच्या रकान्यात टाकलात तर सगळा हिशेब चुकतो. नंतरच्या गणना १९४८, १९५६, १९६६, १९७७, १९९२, २००२, २०११ आणि २०२१ च्या. एकेका गावासाठी या वर्षांची रेघ काढा आणि ती कुठं तुटते ते बघा.

देशभराचे दोन आकडे मनात ठेवा. १९३० मध्ये रोमानियात जर्मन सुमारे ७ लाख ४५ हजार होते. २०११ मध्ये उरले सुमारे ३६ हजार. मधे काय झालं? जानेवारी १९४५ मध्ये १७ ते ४५ वयाचे पुरुष आणि १८ ते ३० वयाच्या स्त्रिया सोव्हिएत संघात सक्तीच्या मजुरीला नेल्या गेल्या. त्याच वर्षी जमिनी गेल्या. १९४९ ते १९६२ सामूहिक शेती लादली गेली. पुढे पश्चिम जर्मनी पैसे मोजून लोकांना सोडवून नेऊ लागली आणि १९९० मध्ये सरहद्दी उघडल्यावर गावंच्या गावं रिकामी झाली. सात-आठशे वर्षं राहिलेली माणसं काही महिन्यांत किल्ल्या शेजाऱ्याच्या हातात देऊन गेली. ही ओळ लिहिताना मी दोन दिवस थांबले होते. पानशेत-वरसगावच्या बाजूची, गाव पाण्याखाली गेलेली मुलं माझ्या वर्गात होती, त्यांच्या वह्या आठवल्या.

सॅक्सन गावात 'नाखबारशाफ्ट' नावाची व्यवस्था होती, म्हणजे शेजार. एका आळीतली घरं मिळून एक शेजार, त्याचा एक कारभारी. घर बांधायला हात, विहिरीची सफाई, मयतीला खांदा, सगळं या शेजारानं करायचं. सावड आणि भावकी एकत्र केली तर जे होईल ते, फक्त इथं नातं रक्ताचं नसून आळीचं. सॅक्सन गेल्यावर घरं उरली आणि हे नातं संपलं.

पण गाव फक्त सॅक्सनांचं नव्हतं, हे अनेक लेखक विसरतात. रोमानियन कुटुंबं, मेंढपाळ आणि शेतकरी, ऑर्थोडॉक्स किंवा ग्रीक-कॅथलिक. थोडे हंगेरियन. आणि रोमा. रोमांसाठी 'जिप्सी' किंवा 'त्सिगान' हे शब्द वापरू नका, ते हिणवणारे आहेत. वालाकिया आणि मोल्डाव्हिया या कार्पेथियनपलीकडच्या रोमानियन संस्थानांत रोमा १८५५-५६ पर्यंत गुलाम होते, ट्रान्सिल्व्हेनियाची राजवट वेगळी, म्हणून ती माहिती उचलून बियेर्तानला चिकटवू नका. इथं ते बहुधा गावाच्या कडेला राहत, लोहारकाम, मजुरी, वाजवणं करत, आणि सॅक्सन गेल्यावर बरेच जण रिकाम्या घरांत आले.

मागच्या वर्षी निनादला रिकिशमध्ये एक म्हातारे रोमा गृहस्थ भेटले. त्यानं फोन स्पीकरवर ठेवून त्यांना आकडे मोजायला सांगितलं. एख, दुई, त्रिन, श्तार, पांझ, शोव. माझी आई, म्हणजे त्याची आजी, शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले. मग एफ्ता, ओख्तो, एन्या, आणि शेवटी 'देश', म्हणजे दहा. मधले तीन आकडे ग्रीक आहेत, कारण भारतातून निघालेले त्यांचे पूर्वज ग्रीक बोलणाऱ्या मुलखात बराच काळ राहिले. निनादनं विचारलं, पाण्याला काय म्हणता? ते म्हणाले, पानी. नाक, कान आणि केसांना बाल. आई म्हणाली, "अरे, त्यांना जेवायला काय आहे विचार." तुमच्या वहीत अशा दहा शब्दांसाठी एक पान ठेवाच. मराठी माणसाला या मुलखात इतकी सोपी वाट दुसरी कुठली मिळणार नाही.

तिकडच्या माणसाला काय विचारायचं

जमीन किती, उत्पन्न किती, हे पहिल्या भेटीत विचारू नका. १९९१ च्या कायद्यानं जमिनी परत मिळाल्या तरी वाटणीचे वाद घराघरांत आहेत. नळ कधी आला, शाळेत किती मुलं आहेत, घरातलं कोण इटलीत किंवा स्पेनमध्ये कामाला आहे, विहीर कुणाची, असे प्रश्न चालतात. या भागातल्या गावांत संध्याकाळी गायी गायरानातून परततात आणि प्रत्येक गाय आपापल्या दाराशी वळते. आपल्या गोरजवेळेसारखंच. एखाद्या आळीत किती गायी वळतात ते मोजायला सांगा. कागदावरच्या लोकसंख्येपेक्षा ते गाव किती जागं आहे हे त्यावरून जास्त कळतं. उन्हाळ्यात खांबावरची करकोच्यांची घरटी मोजायलाही सांगा.

माझ्या वहीत बियेर्तान पूर्ण झालं, कोप्शा मारे अर्धं आणि रिकिशची बरीच पानं कोरी आहेत. निनाद सप्टेंबरात पुन्हा जाणार आहे. त्याला तीन प्रश्न लिहून दिलेत : रिकिशच्या ओढ्याला उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उरतं का, सकाळी गुरं कोण नेतं, आणि कोप्शा मारेतल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींना कुठल्या भाषेत हाक मारतात.